नोएलाचा बोलिंगमधला ‘बी’

लुइस्टन,
मे महिन्यातला शेवटचा रविवार

पूज्य ल्यूसील ताईस,

धाकट्या रोझेरचा वाकून नमस्कार. (वाकून हे पद्धत म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात सध्या मला बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नाही, तेव्हा नमस्कार ताठ उभ्यानेच केलाय असं समज आणि गोड मानून घे. कंबरेचं काय झालं ते पुढे येतंच.) तुझा गुडघा कसा आहे? मठाच्या जिन्याला कठडा बसवला का, की तुमच्या मदर सुपीरियर अजून प्रार्थनेवरच भागवतायत? सिस्टर बर्नाडेटचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे वाचून आनंद झाला. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि आता नीट दिसत असेल तर मी ख्रिसमसला पाठवलेला केक काळ्या मनुकांचा होता, जळलेला नव्हता, हेही सांग.

इकडे सगळं क्षेम आहे. नदीवरचा बर्फ कधीच गेला. बोलिंगचा धंदा उन्हाळ्याच्या तोंडावर नेहमीसारखा पेंगायला लागलाय. नोएलाची तब्येत उत्तम, भूक उत्तम, पदवीही उत्तम मिळाली. ती किती उत्तम, यावरच तर सगळं रामायण घडलं. (रामायण आपल्या कॅथलिक घरात कुठून आलं असं विचारू नकोस, तुला कळलं म्हणजे झालं.)

तुझ्या पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, बारीक अक्षरात एक ओळ होती. ‘तू कॉलेजातल्या कुणा बाईला द्वंद्वाचं आव्हान दिलंस असं इकडे ऐकलं, ते खरं का?’ ताई, लुइस्टन ते तुझं शेरब्रूक, मध्ये आख्खी देशाची सीमा आहे. तिथे माणसाच्या डब्यातलं सफरचंदसुद्धा काढून बघतात. पण आपल्या नॉर्मांडची जीभ कुणी तपासत नाही. त्यानेच कळवलं असणार. बायकोचा भाऊ म्हणून मी त्याला रोज फुकट कॉफी पाजतो, दोन वर्षांपूर्वी थेरेस गेली तरी त्यात खंड पडू दिला नाही, आणि तो माझ्याच काउंटरवर बसून माझ्याच बातम्या परदेशी पाठवतो. असो. आव्हान दिलं हे खरं. द्वंद्व हा शब्द मात्र नॉर्मांडचा. मी फक्त बोलिंगचा एक डाव खेळायला बोलावलं होतं. का बोलावलं ते ऐक आणि मग माझ्यासाठी प्रार्थना करायची की प्रायश्चित्त पाठवायचं ते ठरव.

सुरुवात ख्रिसमसच्या सुट्टीत झाली. गावातल्या सेंट ब्लेझ कॉलेजला सुट्टी लागून नोएला दिवसभर घरी असायला लागली, आणि तिचा निकालही पाठोपाठ आला. तिचे निकाल कसे असतात तुला ठाऊक आहे. पानभर नुसता ए. जीवशास्त्र ए, संख्याशास्त्र ए, तो नदीतल्या शिंपल्यांवरचा प्रबंध ए. (शिंपले म्हणजे समुद्रातले नव्हेत, गोड्या पाण्यातले, खायच्या उपयोगाचे नाहीत. गेलं वर्षभर ते बरण्यांमध्ये आमच्या फ्रीजमध्ये, हॉट डॉगच्या शेजारी राहताहेत. एका गिऱ्हाइकाने लोणचं म्हणून मागितलं होतं.) मी नेहमीप्रमाणे चष्मा लावून, खुर्ची ओढून, पान चवीने वाचायला बसलो. वरून खाली येता येता शेवटच्या ओळीवर नजर गेली. शारीरिक शिक्षण, बोलिंग: बी.

मी चष्मा पुसला. तरी बी.

ताई, तू स्वतः पाहिलंयस. ही पोर काउंटरमागच्या बुटांच्या फडताळात, लहान मापाच्या खणात झोपवून वाढवली. दात येत होते तेव्हा चावायला बोलिंगची लाकडी पिन दिली होती. आपल्या बाबांनी बांधलेलं हे ओलेट बोलिंग, आणि ओलेटांच्या मुलीला बोलिंगमध्ये बी. कोळ्याच्या पोराला पोहण्यात नापास केल्यासारखंच झालं की हे. नोएलाला विचारलं तर म्हणाली, “बाबा, तो मोठ्या बॉलचा वर्ग होता. शारीरिक शिक्षणाचा एक विषय घ्यावाच लागतो, ही वेळ सोयीची होती म्हणून घेतला. सोड ना.” मोठ्या बॉलचा खेळ म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तीन भोकांचा भोपळा घ्यायचा आणि लोटून द्यायचा. आपला खेळ वेगळा. मुठीत मावेल एवढा चेंडू, मेणबत्तीसारख्या बारीक पिना, आणि पडलेल्या पिना उचलायच्या नाहीत, त्यांच्या पसाऱ्यातूनच वाट काढायची. असा खेळ खेळणाऱ्या मुलीला भोपळा लोटता आला नाही म्हणून बी देणं हा मला एकट्या नोएलाचा नाही, आख्ख्या मेन राज्याचा अपमान वाटला.

तरीही मी गप्प बसलो असतो. (तू हसतेयस, पण खरंच बसलो असतो. थेरेस गेल्यापासून मी बऱ्याच गोष्टींवर गप्पच बसत होतो.) पण दुसऱ्या दिवशी नॉर्मांड आला. निकालाचं पान काउंटरवरच होतं. त्याने कॉफीत साखर घातली, पान वाचलं, आणखी साखर घातली आणि म्हणाला, “अरेरे. म्हणजे सुम्मा गेलं.”

मी विचारलं, “काय गेलं?”

तुला लॅटिन सांगणारा मी कोण, पण कॉलेजात त्याचं काय करतात ते सांगतो. सरासरी बरी असली तर पदवीवर ‘कुम लाउदे’ लिहितात, म्हणजे प्रशंसेसह. जास्त बरी असली तर ‘मॅग्ना कुम लाउदे’, भरपूर प्रशंसेसह. आणि अगदी आभाळाला हात लागले तर ‘सुम्मा’, म्हणजे याच्या वर आता फक्त देव. नोएलाची सरासरी सुम्माच्या उंबऱ्यावर उभी होती, आणि बोलिंगच्या बीने तिला केसभर मागे ओढलं होतं. उरलेल्या सत्रात सगळे ए मिळाले तरी तो केस भरून निघणार नव्हता. नॉर्मांडने हा हिशोब पेपर नॅपकिनवर करून दाखवला. त्याच्या पोराला, जेरारला, सुम्मा मिळालेलं आहे. त्या सन्मानाची, झग्यावर घालायची सोनेरी दोरी नॉर्मांडने गाडीच्या आरशाला लटकवलीय, वळणावर ती डोळ्यांपुढे येते आणि तो दरवेळी फुटपाथवर चढतो.

“पीएच.डी.ला जायचंय ना तिला?” नॉर्मांड म्हणाला. “मग सुम्माशिवाय कोण दारात उभं करणार? तिथे अर्जांची रास असते. वरची चार सुम्मा उचलायची, बाकीची बादलीत.”

मी म्हटलं, “जेरारला सुम्मा होतं, त्याला वकिलीच्या कुठल्या कॉलेजाने घेतलं?”

“ती गोष्ट वेगळी,” नॉर्मांड म्हणाला.

“आता तो बर्फ उडवायची यंत्रं विकतो.”

“विकतो. पण सुम्मा कुम लाउदे विकतो.”

तो निघून गेला, नॅपकिन ठेवून गेला. मी तो नॅपकिन दिवसभर बघत होतो. नोएलाने पाच विद्यापीठांना अर्ज धाडले होते. ते सगळे डोळ्यांसमोर बादलीत पडताना दिसायला लागले. पोर चार वर्षं बर्फाळ पाण्यात गुडघाभर उभी राहिली, आई आजारी असताना दवाखान्यात बसून परीक्षेचा अभ्यास केला, आणि आता एका भोपळ्यापायी सगळं वाहून जाणार. संध्याकाळी जेवताना मी टेबलावर मूठ आपटली. मोहरीची बाटली आडवी झाली. नोएला माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, घाबरली.

जानेवारीत कॉलेज उघडलं, त्याच दिवशी मी दाढी करून, रविवारचा कोट घालून बोलिंगच्या शिक्षिकेकडे गेलो. हलीना वोइचिक हे तिचं नाव. वय माझ्याइतकंच, एखादं वर्ष कमीच. पांढरे केस मुलांसारखे बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. पोरं तिला नुसतं ‘वोइचिक बाई’ म्हणतात, आणि ती म्हणताना आपोआप ताठ होतात. मी नाव सांगितलं.

“ओलेट,” ती म्हणाली. “म्हणजे नोएलाचे वडील. बसा. फार हुशार मुलगी.”

“हुशार मुलीला बी कसा दिलात?”

“हुशारीला दिला नाही. बोलिंगला दिला.” तिने वही वगैरे काही उघडली नाही, तोंडानेच सांगितलं. नोएला तीन तास गैरहजर होती, कारण नदीला पाणी कमी होतं आणि शिंपले मोजायचे होते. लेखी परीक्षेत ‘या खेळाचं वैशिष्ट्य सांगा’ या प्रश्नाला तिने ‘विनाकारण मोठा’ एवढंच उत्तर लिहिलं होतं. आणि शेवटी प्रत्येकाने एका नवशिक्याला शिकवायचं होतं, तेव्हा हिने एका बिचाऱ्या पोराला आपल्या पद्धतीने हात उंच करून फेकायला शिकवलं. त्याने तो सोळा पौंडाचा बॉल तसाच फेकला, आणि बॉल धावतो त्या लेनच्या दोन फळ्या बदलाव्या लागल्या.

“तरी मी बी दिला,” बाई म्हणाली. “माझ्या मते हा दिलदारपणा झाला.”

मी म्हटलं, “या बीपायी तिचं सुम्मा जातंय. सुम्मा गेलं की पीएच.डी. गेली.”

“कोण म्हणतं?”

नॉर्मांडचं नाव सांगणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी म्हटलं, “जाणकार म्हणतात.” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कोटाची लावलेलीच बटणं पुन्हा लावली. (थंडी असेल. जानेवारी होता.) मग म्हणाली, “ग्रेड मी बदलणार नाही, मिस्टर ओलेट. वाटल्यास डीनकडे जा. पायऱ्या उतरताना सांभाळा, बर्फ आहे.” मी तिच्यादेखत पायऱ्या दिमाखात उतरलो आणि कोपरा वळल्यावर पडलो.

डीन पेल्की हा बो टाय बांधणारा माणूस. एरवी मी अशांशी वाद घालत नाही, पण माझा इलाज नव्हता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, नॅपकिनसुद्धा बघितला, आणि इतक्या शांतपणे बोलला की मला राग धरून ठेवणं अवघड गेलं.

“मिस्टर ओलेट, हे सन्मान जाहीर होतात मे महिन्यात, पदवीदानाला. पुढच्या विद्यापीठांचे निर्णय लागतात फेब्रुवारी-मार्चात. जे अजून जाहीरच झालं नाही ते कोण बघणार?”

“पण बी तर दिसतोच की.”

“दिसतो. आख्खं गुणपत्रकच त्यांच्यासमोर असतं. जीवशास्त्रात काय, गणितात काय, हे ते बघतात. बोलिंगच्या ओळीवर फार तर हसतात. त्याहून जास्त बघतात ते तिच्या प्राध्यापकांनी काय लिहिलंय आणि तिने स्वतः काय शोधलंय. ऑनर्सचा जादा अभ्यास घेतला त्याचा खरा उपयोग झाला तो एवढाच, की त्या प्रबंधापायी तिला वर्षभर नदीत उतरावं लागलं. दोन मुलं अगदी तंतोतंत सारखी निघाली, तर सन्मानाने पारडं थोडं हलेलही. पण तंतोतंत सारखी मुलं मी आजवर पाहिलेली नाहीत.”

“मग हे लॅटिन देता कशाला?”

डीन जरा विचार करून म्हणाला, “मुख्यतः पालकांसाठी.”

मला वाटलं, थट्टा करतोय. घरी येऊन नॉर्मांडला सांगितलं, तर तो म्हणाला, “असंच बोलतात ते. त्यांना तक्रार नको असते.” मला ते पटलं. ताई, तू म्हणशील, एकीकडे कॉलेजचा डीन आणि दुसरीकडे फुटपाथवर गाडी चढवणारा नॉर्मांड, आणि तू नॉर्मांडचं ऐकलंस? ऐकलं. भीतीला दुजोरा देणारा माणूस नेहमी जास्त जाणकार वाटतो. मग फेब्रुवारीभर आणि मार्चभर मी डीनला पत्रं लिहिली. तुझ्यासारखं अक्षर नाही, पण मुद्दे भक्कम होते. रोज जेवताना मी नोएलाला नवा मुद्दा वाचून दाखवायचो. ती शांतपणे बटाटे वाढायची आणि म्हणायची, “हे छान आहे, बाबा. इथे ‘घोर अन्याय’ दोनदा आलंय.” पत्रं पेटीत टाकायलाही तीच घेऊन जायची.

उत्तरं येईनात, तेव्हा मार्चच्या शेवटी मी थेट व्यायामशाळेत गेलो. वर्ग चालू होता. वीस पोरं भोपळे धरून उभी होती. मी त्यांच्यासमोर वोइचिक बाईंना म्हटलं, की ज्या खेळावर तुम्ही ओलेटांना बी देता तो पोरखेळ आहे, हिंमत असेल तर आमच्याकडे येऊन आमचा खेळ खेळून दाखवा. पोरांनी ‘ओ’ असा आवाज काढला. बाईने शिट्टी हातात घेतली, पण वाजवली नाही.

“मी जिंकले तर?” तिने विचारलं.

“तर मी तुमच्या वर्गात येऊन बसेन.”

“आणि तुम्ही जिंकलात तर ग्रेड बदलणार नाही, हे आधीच सांगते. नोएलासमोर येऊन तुमचा खेळ जास्त अवघड आहे एवढं कबूल करीन.”

मला खरं म्हणजे तेवढंच हवं होतं. सुम्माचा विषय मी त्या क्षणी साफ विसरलो होतो.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासातल्या एका शुक्रवारी डाव ठरला. (मासे तळलेले होते, मांस नव्हतं, काळजी करू नकोस.) निम्मं गाव आलं. गुण मांडायला नॉर्मांड बसला. बाई आली ती स्वतःचे बूट घेऊन, आणि ते बूट आपल्या खेळाचे होते, चांगले झिजलेले. तिने चेंडू न बघता उचलला, तळहातावर दोनदा फिरवला, आणि मला कळलं की माझी काशी होणार. ती मूळची वुस्टरची. आपला हा खेळ मुळात तिथलाच. तिचे मामा तिथे लेन चालवायचे आणि ती शाळा सुटल्यावर पिना उभ्या करायची. हे तिने आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. म्हणाली, “तुम्ही बोलू कुठे दिलंत?”

तरी मी लाज राखून होतो. सातव्या फेरीपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. माझी पाळी आली. समोर दोन पिना उभ्या, मध्ये पडलेल्यांचा पसारा, आणि त्यातून जायची एक वाट मला स्वच्छ दिसत होती. मी हात मागे घेतला. एवढ्यात बाई माझ्यामागे बसून, अगदी आपुलकीने, म्हणाली, “आयोवा लांब आहे. तुम्हाला जड जाईल नाही?”

मी फेकता फेकता वळलो. अर्धा मी पिनांकडे गेलो, अर्धा बाईकडे, आणि मध्ये कंबर होती. चेंडू कडेच्या पन्हळीत गेला. मी खाली बसलो आणि मग झोपलो. छताकडे बघत विचारलं, “आयोवा कसली?”

तिचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं मला माहीत आहे. नोएलाला आयोवातल्या विद्यापीठाने फेब्रुवारीतच घेतलं होतं. (नॉर्मांड आजही म्हणतो की तो डावपेच होता. नव्हता. मी तेव्हा तिचं तोंड पाहिलंय.) गर्दीत नोएला मासे वाढत होती, ती ताट घेऊन तशीच उभी राहिली. कुणीतरी बर्फ आणला. वोइचिक बाईने मला कुशीवर वळवलं, बर्फ लावला, श्वास घ्यायला सांगितला आणि स्वतः गाडी चालवून घरी पोचवलं. डाव अपुरा राहिला, पण नॉर्मांडने तो तिच्या नावावर लिहिला. मेव्हणा आहे माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात जमिनीवर उताणा होतो, कारण दुसरीकडे कुठेच पडवत नव्हतं. नोएला तव्यावर कुट्टूचे पोळे घालत होती, थेरेस घालायची तसे, एकाच बाजूने भाजलेले. शेवटी मीच विचारलं.

“फेब्रुवारीत कळलं?”

“हो. तिथल्या प्राध्यापकबाईंनी फोन केला. अर्धा तास नुसतं शिंपल्यांवर बोलत होत्या. मीच न राहवून म्हटलं, बोलिंगमध्ये बी आहे माझा. त्या म्हणाल्या, कशात?”

“मग मी मार्चभर जी पत्रं लिहिली ती?”

“पेटीत मीच टाकत होते.”

“अडवलं का नाहीस मला?”

तिने पोळा ताटात घेतला, लोणी लावलं, आणि माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. “बाबा, आई गेल्यापासून तू कशावरच चिडला नव्हतास. छत गळलं तर बादली ठेवलीस. ट्रकवाल्याने आपली पाटी पाडली तर त्याला आत बोलावून कॉफी पाजलीस. मला भीती वाटायची. मग तो बी आला आणि तू मोहरीची बाटली पाडलीस. मला इतकं बरं वाटलं ना. भांडायला जायचं म्हणून तू दाढी करायला लागलास. जेवायला लागलास. म्हटलं, चालू दे.”

“आणि आयोवाला हो म्हणालीस?”

“अजून नाही. एप्रिलच्या मध्यापर्यंत कळवायचंय.”

“का नाही म्हणालीस?”

“तू एकटा...” एवढंच म्हणाली आणि पोळ्याचा तुकडा मोडत बसली.

ताई, उठून दुसऱ्या खोलीत जावं तर उठता येत नव्हतं. बापाने मुलीदेखत रडू नये असा काही कायदा नाही, पण उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, हे मला पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, फोन आण, आत्ता कळव. ती म्हणाली, फोन नाही करायचा, कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं असतं. मग तो आण म्हटलं. तिने आणला आणि माझ्या पोटावर ठेवला. मी म्हटलं, मी दाबतो. ती म्हणाली, “नको, तू भलतंच काही दाबशील.” तिने दाबलं. काहीच झालं नाही, नुसती एक हिरवी रेघ आली. चार वर्षं, शिंपले, नॅपकिन, माझी सगळी पत्रं, आणि शेवटी एक हिरवी रेघ. मग आम्ही पोळे खाल्ले.

गेल्या शनिवारी पदवीदान झालं. डीनने बो टायवर झगा घातला होता. नोएलाचं नाव पुकारताना तो ‘मॅग्ना कुम लाउदे’ म्हणाला, भरपूर प्रशंसेसह. तिच्या आधी दोघांना सुम्मा मिळालं. त्यातला एक पुढे काही शिकणार नाही, बापाच्या दुकानात फरशा विकणार आहे, असं शेजारच्या बाईने सांगितलं, आणि ती त्याची आईच होती, आनंदाने रडत होती. मी उभा राहून इतक्या जोरात शिट्टी मारली की कंबरेने पुन्हा हिसका दिला. नोएला मंचावरून हसली. आयोवाला त्या लॅटिनचं काही नव्हतं, तिलाही नव्हतं. मला मात्र ते ऐकताना थेरेसशेजारी बसल्यासारखं वाटलं. डीनने सांगितलं होतं तसंच आहे, मुख्यतः पालकांसाठी. तेव्हा थट्टा वाटली, आता त्या माणसाला माझा काही आक्षेप नाही. बो टायला सुद्धा नाही.

तर ताई, तुझ्या मठात कुणाची भाची-पुतणी पुढे शिकायला निघाली असेल, तर माझ्या अनुभवाने सांग की या सन्मानांवाचून कुणाचं काही अडत नाही. आवडीच्या विषयात पाय ओले करावेत, शिकवणाऱ्यांशी नीट वागावं, आणि लॅटिनपायी घरच्यांनी कंबर मोडून घेऊ नये. मी तर हा विषय मनातून पूर्ण काढून टाकलाय. मदर सुपीरियर आणि सगळ्या सिस्टरांना माझा नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा धाकटा भाऊ,
रोझेर

ता. क. १ – रस्त्यावरच्या आमच्या पाटीवर मी ‘नोएला ओलेट, मॅग्ना कुम लाउदे’ असं लावलंय. ‘एम’ दोन लागतात आणि डब्यात एकच होता, म्हणून दुसऱ्या जागी ‘डब्ल्यू’ उलटा टांगला. लांबून कळत नाही. नॉर्मांडने गाडी थांबवून फोटो काढला आणि म्हणाला, मॅग्नासुद्धा वाईट नाही. पाटी सप्टेंबरपर्यंत काढणार नाही.

ता. क. २ – शब्द दिला होता म्हणून मी खरंच वोइचिक बाईंच्या गुरुवारच्या वर्गात नाव घातलं, गावातल्या प्रौढांसाठी असतो तो. परवा निकाल लागला. मला सी. मी डीनकडे जाणार नाही. हलीनाचं म्हणणं, कंबर बरी झाली की पुन्हा बसता येईल.

ता. क. ३ – आईच्या, डुकराचं मांस भरून भट्टीत भाजलेल्या ‘पाय’मध्ये लवंग जास्त असायची की दालचिनी? माझं म्हणणं लवंग, नोएलाचं दालचिनी, आणि हलीना दोन्ही काढून मिरी घालते. रागावू नकोस, चांगला झाला होता.

ता. क. ४ – जुलैतल्या दुसऱ्या रविवारी तू इकडे येऊ शकशील का? मदर सुपीरियरना विचार. नोएला ऑगस्टमध्ये निघेल, तेव्हा तिला भेटायला म्हणून ये. तेच कारण सांग. हलीनाही असेल. मी मत विचारत नाहीये, फक्त जेवायला बोलावतोय. ती कॅथलिक आहे, तू विचारायच्या आधीच सांगितलं. लग्न केलं नव्हतं, मामा म्हातारे होते, लेन होत्या, राहून गेलं. थेरेसच्या कबरीवर नोएला तिला आपण होऊन घेऊन गेली, मला दोघींनी नंतर सांगितलं. काल तिने विचारलं, तुझ्या बहिणीला भेटल्यावर मी काय म्हणू, सिस्टर म्हणू का? मी म्हटलं, ताई म्हण.